वाढत्या अंगाचा पिंजरा

मी सून होऊन तलवाड्याला आले तेव्हा माप ओलांडल्याबरोबर मला चुलीपुढे बसवलं होतं. वर्षभराने त्याच घरात एक पाखरू आलं. त्याला पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी घातली, आणि आत्याबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी आले तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणे, म्हणून भाकरतुकडा शेजारणीने ओवाळला होता. हे मी सहज सांगते. मनात काही ठेवलेलं नाही.

पाखरू आणलं मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी. निजामाचं राज्य होतं आणि तहसीलदार गेवराईला बसत. त्यांची बदली लांब कुठेतरी झाली, म्हणून आसपासच्या गावांतली मानाची माणसं निरोपाचा सलाम करायला गेली होती. साहेबांनी सामान बांधलं होतं, पण एक पिंजरा तेवढा शिल्लक राहिला होता. समोर मामंजी सगळ्यांत जास्त वाकून उभे होते, म्हणून तो त्यांच्या हातात आला. गेवराईपासून तलवाड्यापर्यंत बैलगाडीत त्यांनी तो मांडीवर धरून आणला, वरून स्वतःचा पटका घातलेला. मामंजींना उघड्या डोक्याने गावात शिरताना लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं. घरात कुणी वारलं की काय, असं विचारायला दोघं-तिघं मागोमाग आलेसुद्धा.

पटका काढला तर आत अंगठ्याएवढं हिरवं पाखरू. तोंड पिवळं, मानेवर काळ्या बारीक रेघा, गालावर निळे ठिपके. चोच पोपटाचीच, पण इतकी इवलीशी की नाकासारखी दिसायची.

"पोपटाचं पिल्लू हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आईपासून कावून तोडलं वं याला?"

"इलायती हाय ते," मामंजी म्हणाले. "साहेबानं समदं नीट सांगितलं. खायला काय, निजायला कसं, समदं."

"मग काय सांगितलं?"

मामंजी पटका झटकू लागले. साहेब बोलत असताना ते फक्त 'जी हुजूर, जी हुजूर' करत होते. साहेब आपल्याशी एवढा वेळ बोलतोय याच आनंदात त्यांचा जीव अडकला होता.

"बेस सांगितलं," ते शेवटी म्हणाले. "लई उंची उर्दू हुती."

तेव्हाच ठरलं की हे पोपटाचं पिल्लू आहे आणि यथावकाश मोठं होईल. ज्याला पोपट माहीत आहे त्याला पोपटाचं पिल्लू काय सांगायचं? घरात कुणालाच शंका आली नाही. मलाही आली नाही, उगाच शहाणपण कशाला सांगू.

आता माझी गत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या वर्षभरात मी विरजण लावलं की दही लागत नव्हतं. मी लावलेला दोडक्याचा वेल वाळला. मी खुडूक कोंबडी बसवली तर सगळी अंडी नासली. मी धार काढायला गेले की गाय आधी मागे वळून बघायची आणि मग लाथ मारायची, म्हणजे चुकून लागली असंही म्हणायची सोय नव्हती. "हाताला यश न्हाई पोरीच्या," असं आत्याबाई आधी घरात म्हणायच्या, मग आडावर म्हणू लागल्या, आणि आडावर म्हटलेलं तलवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. शेवटी त्यांनी माझ्या माहेरी, चकलांब्याला, सांगावा धाडला की पोरीला घेऊन जा, हाताला वळण लावा, मग बघू. माझ्या पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या होत्या. थोरली नांदायला जाऊन परत आली म्हटल्यावर त्यांना कोण दारात उभं करणार? मला रात्रंदिवस तेवढी एकच भीती होती. भाऊ सुगीची कामं आटोपून गाडी घेऊन येणार होता.

अशात ते पाखरू आलं. आत्याबाईंनी पिंजरा माझ्यापुढे ठेवला आणि घरच्यांसमोर म्हणाल्या, "ही साहेबाची अमानत हाय. गाडी येस्तवर जगवून दाखीव. जगलं तर ऱ्हा, आन् न्हाई जगलं तर गाडीत बस. मी काय बोलायची न्हाई."

त्या बोलल्या नसत्या हे खरं. आडावर गेल्या असत्या.

आमचे हे, म्हणजे माझे घरधनी, कोपऱ्यात बैलाची वेसण वळत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाखराकडे पाहिलं आणि पुन्हा वेसण वळायला घेतली. आईपुढे त्यांचं तोंड जेवायला तेवढं उघडायचं.

पिंजऱ्यात एक चिनी मातीची वाटी होती. तिच्यात पिवळे बारीक दाणे आणि वर बराचसा कोंडा. आत्याबाईंनी वाटी नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं.

"साहेबाच्या घरचं पाखरू आन् वाटीत कोंडा? नोकरांनी लबाडी केली असंल. आपल्या घरी आलंय, आता उपाशी ऱ्हायचं न्हाई." असं म्हणून त्यांनी ती वाटी गोठ्यात नेऊन उपडी केली.

त्यांचं चुकलं असं तेव्हा कुणीही म्हटलं नसतं. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात काय पडतं यावर घराची अब्रू ठरते. रोज घरात ज्वारीची भाकरी असेल, पण पाहुणा आला की गहू निघतो. इथे तर पाहुणा साहेबाच्या घरचा. वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ आली. मग पेरूची फोड आली, हिरवी मिरची आली. दुधात कुस्करलेली पोळी आली. संध्याकाळी मामंजींनी स्वतःच्या औषधाच्या डब्यातला बदाम काढून उगाळून दिला. त्या बदामाला घरात कुणाची हात लावायची छाती नव्हती, मुलाचीसुद्धा नाही. ह्यांनी पाखराकडे एकदा अशा नजरेने पाहिलं की मला त्यांची दया आली.

पाखराने कशालाही चोच लावली नाही. ते दांडीवर कोपऱ्यात बसलं, पिसं फुगवली आणि आमच्याकडे पाठ केली.

"लाजतंय," मामंजी म्हणाले. "नवीन जागा हाय."

"नवीन जागा असली तरी मी पहिल्या दिवशी जेवले होते," मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी उपचार सुरू केले. लेकरू खात नाही म्हणजे दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. पिंजऱ्याच्या तारेला काजळाची तीट लावली. कारण पाखराला लावायला गेल्या तेव्हा ते बोटाला चावलं, आणि तेवढंच त्याने त्या घरात पहिल्यांदा तोंडात घेतलं. मग त्यांनी तान्ह्या बाळाला देतात तशी ओव्याची धुरी करायचं काढलं. शेगडी पेटली, ओवा पडला, आणि पिंजऱ्यातून बारीक शिंकल्यासारखा आवाज आला. मी पिंजरा उचलून ढाळजेत, म्हणजे पुढच्या बैठकीच्या पडवीत, पळाले. सासूच्या हातातलं काम टाकून पळण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"बघा, कशी पळती," त्या मागून ओरडल्या. "धुरी नगं, मग काय पाहिजे तिला?"

मामंजींचं वेगळंच चाललं होतं. ते सकाळ-संध्याकाळ पाखराची उंची मोजत. पिंजऱ्यापुढे उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि तारेच्या बाहेरून बोटं धरायची. "कालच्यापेक्षा अर्धं बोट वाढलंय," ते म्हणत. पाखरू पिसं फुगवून बसलं होतं, त्यामुळे ते खरंच वाढल्यासारखं दिसे. मला मात्र दिसत होतं की पिसांच्या आत काही उरत नाहीये.

त्यांना वाढीची खात्री पटली आणि त्यांनी सुताराला बोलावलं. आमच्याकडे लेकरांचे कपडे शिवायला टाकताना शिंप्याला सांगायची रीत होती, 'वाढत्या अंगाचे शिवा'. मग तीन-चार वर्षं पोर बाह्या दुमडून हिंडतं. मामंजींनी सुतारालाही तेच सांगितलं.

"वाढत्या अंगाचा कर. पुढं अडचण नगं."

"किती वाढतंय पाखरू?" सुताराने विचारलं.

"इलायती हाय," मामंजी दोन्ही हात पसरून म्हणाले.

सुताराने त्या पसरलेल्या हातांचंच माप घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिंजरा आणून ठेवला. बाभळीचा, घट्ट सांध्यांचा, शेळी आरामात बसेल एवढा. वर कळस, पुढे दार, दाराला कोयंडा.

त्या सकाळी मी जात्यावर बसले होते आणि पाखराचा जुना पिंजरा शेजारी ठेवला होता. भीती वाटत होती, म्हणून मी त्याला नजरेआड करत नव्हते. जातं फिरायला लागलं तसं ते दांडीवरून सरकत सरकत माझ्या बाजूला आलं. मी थांबले की ते मान वर करी, फिरवलं की पुन्हा गप्प बसून ऐके. त्या घरात माझ्या कामाकडे इतक्या मन लावून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मला ते पाखरू आवडायला लागलं होतं, आणि ते मरणार असं मला वाटत होतं. ह्या दोन्ही गोष्टी मी कुणाला सांगितल्या नाहीत. पीठ मात्र त्या दिवशी फार जाड पडलं.

मग सगळ्यांच्या साक्षीने पाखराला नव्या घरात नेलं. जुना पिंजरा नव्याच्या दारात धरला, दार उघडलं, मामंजींनी नारळ फोडला. पाखरू दचकून आत शिरलं. ह्यांनी कोयंडा लावला. मामंजी हात चोळत मागे सरले. पाखरू मधल्या दांडीवर बसलं, त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि समोरच्या दोन काठ्यांमधून सरळ चालत बाहेर आलं.

सुताराने काठ्यांमधलं अंतरही वाढत्या अंगाचंच ठेवलं होतं.

पाखरू पिंजऱ्याच्या बाहेर उभं होतं, कोयंडा लावलेला होता, आणि मामंजी कोयंडा ओढून पाहत होते. मग ते भुर्रकन उडालं.

"दारं लावा!" आत्याबाई किंचाळल्या.

दारं लागली, खिडक्या लागल्या, माळवदाच्या सवण्यात, म्हणजे उजेडाच्या भोकात, ह्यांनी उशी कोंबली. घरात मिट्ट अंधार झाला. त्या अंधारात आम्ही चौघं आणि सुतार एकमेकांवर आदळू लागलो. ह्यांनी धोतराचा सोगा पसरून जे धरलं ते पाखरू नव्हतं, मामंजींचं डोकं होतं.

"सोड बे! बाप हाय तुजा!"

"दिसंना, आबा!"

शेवटी एक खिडकी बोटभर उघडली. पाखरू कुठेच दिसेना. मामंजी घराच्या मधोमध उभे राहिले, हात जोडले आणि छताकडे तोंड करून म्हणाले, "हुजूर, मेहेरबानी करके नीचे आव."

"आबा, पाखराला कुठं कळतंय?" हे म्हणाले.

"साहेबाच्या घरी वाढलंय ते. तुज्यापरीस चांगली उर्दू असंल त्याची."

आणि नेमकी तेव्हाच बाहेर गाडीची घुंगरं वाजली. माझा भाऊ आला होता.

त्याने दाराची कडी वाजवली. आतून आत्याबाई ओरडल्या, "दार उघडू नगा!" बिचारा उन्हातान्हाचा चकलांब्याहून आलेला. दार बंद, खिडक्या बंद, आत धावपळ, आणि बहिणीचे सासरे कुणाला तरी 'हुजूर, मेहेरबानी' करताहेत. त्याला वाटलं बहिणीचं काही बरंवाईट झालं.

"आक्का! आक्का, जिती हायेस का?"

"जिती हाय रे," मी आतून म्हणाले. "दादा, दाराला पाठ लावून उभा ऱ्हा. पाखरू सुटलंय."

"काय सुटलंय?"

"तुज्या बहिणीच्या हातानं सुटलंय," आत्याबाई म्हणाल्या. "आता गाडी आलीच हाय. बरं झालं."

माझा हात त्या पिंजऱ्याला लागलासुद्धा नव्हता. पण त्या वेळी मला राग आला नाही, नुसतं रडू आलं. पाखरू गेलं आणि त्याच्याबरोबर मीही गेले, एवढंच कळत होतं. मी पदर तोंडाला लावला आणि खांबाला टेकून खाली बसले. धावपळ थांबली. सुतारही खाली बघू लागला.

त्या शांततेत आवाज आला. कुट. कुट. कुटकुट.

आत्याबाईंच्या डोक्यावर काहीतरी पडलं. त्यांनी पदर झटकला. पुन्हा पडलं. त्यांनी चिमटीत धरून ते खिडकीच्या उजेडात नेलं. हलकासा पिवळा कोंडा होता.

आम्ही वर पाहिलं. तुळईला राळ्याच्या कणसांची जुडी टांगलेली होती, येत्या पेरणीचं बियाणं म्हणून. राळे म्हणजे अगदी बारीक धान्य, दुसरं काही नसलं की गरीब माणसाने शिजवून खायचं. पाहुण्याच्या पानात राळे वाढले तर पाहुणा जन्मात पुन्हा यायचा नाही. त्या जुडीला पाखरू उलटं लटकलं होतं. एका पायाने कणीस धरलेलं, आणि दाणे सोलून सोलून खाणं असं चाललं होतं की खाली बाप, माय, सुतार कुणी आहे याचं त्याला भान नव्हतं. टरफलं खाली टाकत होतं, आत्याबाईंच्या डोक्यावर.

आत्याबाईंच्या हातातला कोंडा खाली पडला. गोठ्यात उपडी केलेल्या वाटीत होता तसाच कोंडा होता, हे त्यांना कळलं. मला कळलं. ह्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी वळून भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. मामंजी तेवढे म्हणाले, "बघा, साहेबानं हेच सांगितलं हुतं."

आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. बराच वेळ वर बघत राहिल्या. मग दारापाशी गेल्या आणि फटीतून बाहेर म्हणाल्या, "पाव्हणं, आता आत या. पर दार जरा हळू. आन् बैलं सोडा. सूनबाई यायची न्हाई. पाखराकडं कोण बघंल?"

झालं ते एवढंच. त्यांच्या तोंडून ना चुकलं, ना माकलं. भावाला गव्हाची पोळी आणि गूळ-तूप मिळालं. तो दुसऱ्या दिवशी मोकळी गाडी घेऊन परतला, म्हणजे अगदीच मोकळी नाही. वाढत्या अंगाचा पिंजरा त्यात घालून दिला. चकलांब्याला त्यात कोंबड्या ठेवल्या, आणि त्याही काठ्यांमधून बाहेर आल्या, असं नंतर कळलं.

जुन्या पिंजऱ्यात पाखरू हळूहळू रुळलं. पिंजरा मी जात्याच्या वर टांगला. जातं फिरलं की ते बडबडायला लागे, माझ्या ओव्यांच्या वरचढ आवाजात. दिवस मावळला की मी जुन्या लुगड्याचा तुकडा वर टाकी आणि ते मुकाट झोपे. आधी तळहातावर राळे घेऊन मी नुसती बसून राहायची, मान न वळवता. मग एक दिवस ते बोटावर उतरलं. त्याचे पाय इतके गरम होते की मला हसूच फुटलं. माझ्या हाताला काय यश आहे ते मला त्या दिवशी समजलं. दही मात्र पुढेही कित्येक दिवस लागलं नाही, हेही सांगून टाकते.

मामंजी वर्षभर त्याची उंची मोजत होते. त्यांचं म्हणणं असं की विलायती वाढ सावकाश होते. नवे तहसीलदार आले तेव्हा त्यांनी ठरवलं की साहेब गावात आले की पाखराने 'सलाम हुजूर' म्हणायचं. रोज सकाळी ते पिंजऱ्यापुढे उभे राहून 'सलाम हुजूर, सलाम हुजूर' घोकत. पाखरू त्यांच्याकडे पाठ करून पिसं साफ करी. दुपारी मी धुणं घेऊन नदीवर गेले की घरात आत्याबाई एकट्याच असत. मी परत यायची तेव्हा पाखराची वाटी भरलेली दिसायची, वरची टरफलं फुंकून काढलेली.

साहेब आले. गालिचा घातला, पानाचं तबक ठेवलं, गावातली मंडळी ढाळजेत दाटीने बसली. मामंजींनी पिंजरा आणून साहेबांपुढे ठेवला. मी आतल्या दाराआड उभी होते आणि आत्याबाई माझ्या पुढे.

"सलाम हुजूर," मामंजी पाखराला म्हणाले.

पाखरू गप्प.

"सलाम हुजूर!"

पाखराने मान वाकडी केली. त्याला दाराआडून आत्याबाईंच्या लुगड्याचा काठ दिसला असावा. ते दांडीवर सरकत त्या बाजूला आलं आणि बारीक, घाईघाईच्या आवाजात बोललं. पण हेल अगदी आत्याबाईंचा, त्यात ओळखायला अडचण नव्हती.

"चुकलं गं माजं, पोरी. चुकलं गं माजं. खा, खा."

साहेबांनी विचारलं, ये क्या बोला? मामंजी उभे राहून म्हणाले, हुजूर, सलाम बोला.

आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे कान मात्र लाल झाले होते, ते मला मागून दिसत होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही, दोन्ही एकदम. घरात कुणालाच जे ऐकू येऊ द्यायचं नव्हतं ते त्या रोज दुपारी पाखराला सांगत होत्या, आणि त्याने ते भर दरबारात माझ्यापर्यंत पोचवलं होतं.

"पाखराला काय कळतंय," त्या शेवटी पुटपुटल्या.

"त्याला कावून कळंल, आत्याबाई?" मी म्हणाले. "ऐकंल तेच बोलतंय ते."

त्यांनी मागे हात केला आणि माझा हात धरून जोरात दाबला. गुडघ्याला आधार लागतो म्हणून धरला, असं त्यांनी विचारल्यावर सांगितलं असतं. साहेब उठून जाईपर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही.